जामखेडची उल्का आणि मंद रेट्याचा मार्ग

इ. स. १८६६ च्या ऑक्टोबर महिन्याच्या ५ तारखेस अहमदनगर जिल्ह्यांत, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत, जामखेड येथें आकाशांतून दगड पडला. जगांतील उल्कापाषाणांच्या यादींत या पाताची नोंद आहे. मात्र रोमन लिपींत उतरतांना गांवाच्या नांवांतील 'ड' चा 'र' झाला, आणि त्या बिघडलेल्या नांवानेंच हा दगड शास्त्रज्ञांच्या जगांत ओळखला जातो. त्याचा जो अंश जतन होऊन राहिला तो अगदीं अल्प आहे. तथापि त्याची जाति निश्चित झालेली आहे. तो 'एच' वर्गाचा, सहाव्या प्रतीचा कॉन्ड्राइट होय. एच वर्ग म्हणजे ज्यांत लोहाचें प्रमाण अधिक असा. आणि सहावी प्रत म्हणजे ज्या मोठ्या पिंडाचा हा तुकडा, त्या पिंडाच्या पोटांत दीर्घकाळ भाजून निघालेला असा. जामखेडच्या भोंवतीं बालाघाटाच्या रांगांत जो काळा पाषाण दिसतो तो लाव्ह्याच्या थरांचा असून त्याचें वय सुमारें साडेसहा कोटि वर्षें आहे. त्यावर येऊन पडलेल्या या पाहुण्याचें वय साडेचारशें कोटि वर्षांच्या घरांतलें आहे.

हा दगड येथवर आला कसा, हा एक प्रश्न; आणि तो जेथून निघाला तेथें मनुष्यास आपलें यान नेतां येईल काय, हा दुसरा. पहिल्याचें उत्तर हातीं लागण्यास शंभराहून अधिक वर्षें लागलीं. दुसऱ्याचें उत्तर आपल्या डोळ्यांदेखत, गेल्या पंचवीस-तीस वर्षांत मिळालें. या दोन्ही उत्तरांच्या मुळाशीं एकच तत्त्व आहे, हें दाखवावें एवढाच या लेखाचा हेतु. अत्यंत क्षीण परंतु दीर्घकाळ चालणारा रेटा पिंडास कोठल्या कोठें नेऊन सोडतो. आणि अशा रेट्याचा हिशेब ज्यास ठेवावयाचा असेल त्यास आपलें गणित प्रत्यक्षाशीं वारंवार ताडून पाहावें लागतें.

१८६६ हें साल या विषयाच्या इतिहासांत मोठ्या योगाचें आहे. मंगळ आणि गुरु यांच्या कक्षांमध्यें लहान ग्रहांचा समुदाय आहे हें तोंवर सर्वमान्य झालें होतें. त्यांतील पहिला, सीरीज, पियाझी यानें सिसिली बेटांतील पालेर्मो येथें १८०१ च्या जानेवारीच्या पहिल्या तारखेस पाहिला. थोड्याच आठवड्यांत तो सूर्याच्या तेजांत लुप्त झाला, आणि मोजक्या वेधांवरून त्याची कक्षा बसवून तो पुन्हां कोठें दिसेल हें गाउस या तरुण गणितज्ञानें सांगितलें. वर्षअखेरीस तो तेथें सांपडलाही. पुढें अशा ग्रहांची संख्या वाढत गेली. आपल्याकडे मद्रासच्या वेधशाळेंत पॉगसन यानें १८६१ सालीं एक लघुग्रह शोधून त्यास 'एशिया' हें नांव दिलें. आणि १८६६ च्या मे महिन्यांत, म्हणजे जामखेडच्या घटनेपूर्वीं पांचच महिने, त्यानें 'सिल्व्हिया' नांवाचा सत्त्याऐंशीवा लघुग्रह शोधला. त्याच वर्षीं अमेरिकेंत डॅनियल किर्कवुड यानें दाखवून दिलें कीं, लघुग्रहांचा हा पट्टा सलग नाहीं. सूर्यापासून कांहीं विवक्षित अंतरांवर त्यांत मोकळ्या जागा आहेत. मद्रासेस ग्रह शोधला जात होता, अमेरिकेंत पट्ट्यांतील फटी मोजल्या जात होत्या, आणि जामखेडास त्या पट्ट्यांतलाच एक तुकडा स्वतः चालून आला. मात्र या तीन गोष्टींचा परस्परांशीं संबंध आहे हें त्या वेळीं कोणास सांगतां आलें नसतें.

किर्कवुडच्या फटींचें कारण असें. ज्या अंतरावर लघुग्रहाच्या तीन प्रदक्षिणा होतात तेव्हां गुरूची बरोबर एक होते, त्या अंतरावरील पिंडास गुरूचें ओढणें प्रत्येक वेळीं त्याच ठिकाणीं येऊन गांठतें. झोपाळ्यावरील मुलास योग्य क्षणीं दिलेला हलका झोका जसा वाढत जातो, तशी त्या पिंडाची कक्षा लांबट होत जाते आणि अखेर पृथ्वीच्या मार्गास छेदूं लागते. परंतु यानें कोडें पुरें सुटत नव्हतें. फटींत जे दगड होते ते तर केव्हांच निघून गेले. मग नवे दगड त्या फटींपर्यंत येतात कसे? याचें उत्तर यार्कोव्स्की नांवाच्या स्थापत्यविशारदानें विसाव्या शतकाच्या आरंभीं एका पुस्तिकेंत सुचविलें आणि तें पुढें बरींच वर्षें विस्मृतींत पडून राहिलें. फिरणारा दगड सूर्यानें तापतो. जशी आपल्याकडे खरी ऊन्ह दुपार टळल्यावर लागते, तशी त्या दगडाचीही दुपारची बाजू सर्वांत तप्त होते. ती उष्णता बाहेर फेंकली जातांना दगडास विरुद्ध दिशेनें अतिसूक्ष्म रेटा बसतो. रेटा असा कीं कोणत्याही तराजूस दाद देऊं नये. परंतु लक्षावधि वर्षें तो थांबत नाहीं. २००३ सालीं गोलेव्का नांवाच्या लहानशा लघुग्रहावर रडारच्या लहरी सोडून शास्त्रज्ञांनीं हा परिणाम प्रथमच प्रत्यक्ष मोजला. बारा वर्षांत तो पिंड केवळ गुरुत्वाकर्षणाच्या हिशेबाहून सुमारें १५ किलोमीटर दूर गेला होता.

म्हणजे जामखेडच्या जातीचे दगड येतात ते या वाटेनें. प्रथम एखाद्या टकरींत मोठ्या पिंडापासून तुकडा सुटतो. मग ऊन्हाच्या मंद रेट्यानें तो सरकत सरकत फटीच्या कांठीं येतो. आणि तेथें गुरु त्यास आमच्या दिशेस लोटून देतो. एच वर्गांतील पुष्कळ दगड उघड्या आकाशांत सत्तर-ऐंशी लक्ष वर्षें हिंडले असावेत असें त्यांच्या तपासणीवरून ठरलें आहे. त्यांचें मूळ घर कोणतें याविषयीं मात्र मतें बदलत आलीं. १९९८ च्या सुमारास 'हीबी' या लघुग्रहाकडे बोट दाखविलें जात होतें. २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत 'कोरोनिस' या लघुग्रहकुलास अधिक मान मिळाला.

येथें आपल्याकडील ज्योतिर्गणिताच्या एका जुन्या कल्पनेचें स्मरण होतें. सिद्धांतग्रंथांत सांगितलेल्या गतींवरून ग्रह काढला आणि तो आकाशांत त्या जागीं दिसला नाहीं, तर जो अंतराचा हिशेब गणितांत मिळवावयाचा त्यास आमच्या ज्योतिष्यांनीं 'बीज' असें नांव दिलें, आणि गणित व आकाश यांच्या मेळास 'दृक्प्रत्यय' म्हटलें. कोंकणांतील नांदगांवच्या केशव दैवज्ञांनीं स्वतः वेध घेऊन निरनिराळ्या सिद्धांतांचे ग्रह कितपत जुळतात हें पाहिलें, आणि त्यांचे पुत्र गणेश दैवज्ञ यांनीं शके १४४२ मध्यें, म्हणजे इ. स. १५२० सालीं, 'ग्रहलाघव' रचतांना कोणत्याही एका सिद्धांताची भीड धरिली नाहीं. चंद्र सूर्यसिद्धांताचा घेतला, पण नऊ कला कमी करून. शनि आर्यपक्षाचा घेतला, पण पांच अंश वाढवून. ज्या समाजास ही दृष्टि पांचशें वर्षांपूर्वीं होती, त्याच समाजांत केरोपंत छत्रे यांनीं १८६० सालीं 'ग्रहसाधनाचीं कोष्टकें' प्रसिद्ध करून पंचांग प्रत्यक्षाशीं जुळविण्याचा उद्योग आरंभिला तेव्हां त्यांच्या मागें जाणारे थोडेच निघाले. अयनांशांचा वाद त्यास कारण झाला हें खरें. परंतु रूढ गणितास हात लावण्याची भीति हेंही एक कारण होतेंच. बीज देण्यास जो कचरतो त्याचे ग्रह हळूहळू आकाशापासून दूर जातात. चूक एका दिवसाची क्षुल्लक असते. ती सांचत गेली म्हणजे ग्रहणाची वेळ चुकते.

मंद रेट्याच्या यानाचा मार्गनिर्णय म्हणजे हेंच बीज, पण तें शतकाशतकानें द्यावयाचें नसून आठवड्याआठवड्यानें द्यावयाचें. हें समजण्यास प्रथम अशा यानाचें यंत्र पाहिलें पाहिजे. नेहमींचें अग्निबाणाचें यंत्र इंधन जाळून तप्त वायु सेकंदास तीन-चार किलोमीटर वेगानें फेंकतें. दुसऱ्या प्रकारच्या यंत्रांत कांहींच जळत नाहीं. झेनॉन नांवाच्या जड व निष्क्रिय वायूच्या अणूंस विद्युद्भार देऊन विजेच्या जोरावर त्यांस सेकंदास सुमारें तीस किलोमीटर वेगानें बाहेर सोडतात. वीज सूर्यप्रकाशापासून मिळवितात. वेग दहापट असल्यामुळें त्याच कामास वायु पुष्कळ कमी लागतो. परंतु एका वेळीं सुटणारा वायु इतका थोडा कीं रेटा अगदींच दुबळा असतो. अमेरिकेच्या 'डॉन' यानाचा महत्तम रेटा आपण तळहातावर एखादें नाणें ठेविलें असतां जाणवणाऱ्या भाराइतका होता. ताशी शंभर किलोमीटर वेग वाढविण्यास त्यास सुमारें चार दिवस लागत. पण दिवसास पाव किलोहून किंचित् अधिक वायु खर्चून हें यंत्र वर्षानुवर्षें चालूं शकलें, आणि सव्वाचारशें किलो झेनॉनच्या जोरावर त्यानें आपल्या वेगांत सेकंदास अकरा किलोमीटरांची भर घातली. भारताचें मंगळयान २०१४ च्या सप्टेंबरच्या २४ तारखेस मंगळाच्या कक्षेंत शिरलें तेव्हां त्याचें मुख्य यंत्र चोवीस मिनिटें पेटलें होतें. त्याचा रेटा डॉनच्या रेट्याच्या सुमारें पांच हजार पट होता.

आतां मार्गाचा प्रश्न. मंगळयानासारखें यान कांहीं मिनिटें यंत्र पेटवितें आणि मग महिनेच्या महिने केप्लरच्या नियमांनुसार ग्रहासारखें फिरत राहतें. त्याचा मार्ग मोजण्यास सवड असते. मंद रेट्याच्या यानाची कक्षा मात्र क्षणोक्षणीं बदलत असते; आज काढलेली कक्षा उद्यां त्याची नसते. शिवाय रेटा ठरविल्याप्रमाणें तंतोतंत कधींच मिळत नाहीं. डॉनसारख्या यानाच्या रेट्यांत शेंकडा एक चूक राहिली तर एका आठवड्यांत तें अपेक्षित स्थानापासून सव्वाशेंहून अधिक किलोमीटर भलतीकडे जातें, आणि ही चूक काळाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. म्हणून अशा यानास मधून मधून यंत्र थांबवून आपली संदेशवाहक थाळी पृथ्वीकडे वळवावी लागते. त्याच्या लहरींच्या कंपनसंख्येंत जो फरक पडतो त्यावरून त्याचा वेग सेकंदास एका मिलिमीटरच्या अंशापर्यंत कळतो. मिळालेल्या वेगांतून अपेक्षित वेग वजा करावयाचा, बाकी राहील ती रेट्याच्या हिशेबांत मिळवावयाची, पुढील मार्ग नव्यानें आंखावयाचा, आणि यंत्र पुन्हां सुरू करावयाचें.

१९६४ च्या जुलैंत एका अमेरिकन यानावर असें यंत्र अवकाशांत प्रथम चाललें, तें सुमारें अर्धा तास. त्यानंतर दूरच्या प्रवासास त्याचा उपयोग होण्यास चौतीस वर्षें जावीं लागलीं. १९९८ च्या ऑक्टोबरांत सुटलेलें 'डीप स्पेस वन' हें त्या जातीचें पहिलें यान. त्यानें मार्गनिर्णयाची आणखी एक युक्ति आजमाविली. त्यावरील यंत्रगणक वाटेंतील लघुग्रहांचीं चित्रें घेई, मागील ताऱ्यांच्या सापेक्ष ते कोठें दिसतात हें पाही, आणि त्यावरून आपण स्वतः कोठें आहों हें ठरवी. आमचे जुने वेधकर्ते नक्षत्राच्या योगतारेपासून ग्रहाचें अंतर मोजीत. फरक इतकाच कीं येथें ग्रहाचें स्थान ठाऊक आणि वेधकर्त्याचें अज्ञात. पुढें या यानाचें तारे पाहून दिशा ठरविणारें उपकरण बंद पडलें. तेव्हां अभियंत्यांनीं चित्रें घेणारा कॅमेराच त्या कामास लाविला, आणि २००१ च्या सप्टेंबरांत यान बोरेली धूमकेतूच्या जवळून सुखरूप गेलें.

जामखेडच्या दगडाशीं ज्याचें नातें अधिक निकटचें तें यान जपानचें 'हायाबुसा'. २००३ च्या मे महिन्यांत तें निघालें. चार विद्युत्यंत्रांपैकीं एका वेळीं तीन चालवून जो रेटा मिळे तो दोन-अडीच ग्रॅम वजनाएवढा. २००५ च्या सप्टेंबरांत तें इतोकावा या लघुग्रहापाशीं पोहोंचलें. हा पिंड अवघा अर्धा किलोमीटर लांब. त्याचें आकर्षण इतकें क्षीण कीं त्यावरून हलकेच उडी मारणारा मनुष्य परत खालीं यावयाचा नाहीं. तोंवर यानाचा तोल राखणाऱ्या तीन चक्रांपैकीं एक निकामी झालें होतें. लौकरच दुसरेंही गेलें. तशा स्थितींत नोव्हेंबरांत तें दोन वेळां पृष्ठभागास टेकलें. नंतर त्याचें जळाऊ इंधन गळून गेलें, यान गिरक्या खाऊं लागलें, आणि डिसेंबरांत त्याचा आवाज बंद झाला. सुमारें सात आठवडे जपानी शास्त्रज्ञ रोज त्याच्या दिशेनें कान लावून बसले होते. २००६ च्या जानेवारीच्या अखेरीस एक क्षीण खूण उमटली.

पुढील चार वर्षांची कथा शौर्याची कमी आणि हिशेबाची अधिक आहे. तोल सांवरण्यास इंधन उरलें नव्हतें म्हणून झेनॉनच तसाच बाहेर सोडून यान सरळ केलें. आणि तोही पुरावा म्हणून सूर्यप्रकाशाच्या दाबाचा उपयोग करून घेतला. जो प्रकाश दगडांस पृथ्वीकडे रेटतो, त्याच प्रकाशानें या जायबंदी यानास आधार दिला. परतीचा मुहूर्त तीन वर्षें पुढें ढकलावा लागला. २००९ च्या नोव्हेंबरांत उरलेलीं यंत्रेंही दगा देऊं लागलीं, तेव्हां एका यंत्राचा विद्युत्कण सोडणारा भाग आणि दुसऱ्याचा त्यांचा भार फेडणारा भाग जोडून दोन अधूंचें एक धड यंत्र बनविण्यांत आलें. या जोडणीची सोय कोणा दूरदर्शी अभियंत्यानें यान सुटण्यापूर्वींच करून ठेविली होती. २०१० च्या जूनच्या १३ तारखेस यान पृथ्वीवर परतलें. स्वतः वातावरणांत जळून गेलें, परंतु त्याची कुपी ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटांत सुरक्षित उतरली. त्या कुपींत डोळ्यांस न दिसणारे असे पंधराशेंहून अधिक कण निघाले.

एवढ्याशा धुळीसाठीं इतकी यातायात कां, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर असें कीं, या धुळीवर एका जुन्या वादाचा निकाल अवलंबून होता. पृथ्वीवर पडणारे बहुसंख्य दगड जामखेडच्या दगडासारखे साधारण कॉन्ड्राइट असतात; परंतु दुर्बिणींतून ज्या लघुग्रहांचा प्रकाश तपासला त्यांतील बहुतेकांचा रंग या दगडांशीं नीट जुळत नव्हता. मग एवढे दगड येतात तरी कोठून? इतोकावाचे कण २०११ सालीं तपासून निघाले तेव्हां ते साधारण कॉन्ड्राइटच ठरले. त्यांचा वर्ग जामखेडचा नव्हे. ते कमी लोहाच्या दुसऱ्या शाखेचे, म्हणजे चुलतभाऊ म्हणावे असे. पण कुल एकच. सूर्याकडून येणाऱ्या कणांच्या माऱ्यानें पृष्ठभाग काळवंडतो आणि म्हणून दुरून रंग निराळा दिसतो, हेंही त्यांवरून सिद्ध झालें. ज्यांच्यापासून तुकडे सुटून आमच्या शेतांत पडतात ते हेच लघुग्रह, ही गोष्ट अनुमानांतून निघून प्रत्यक्ष प्रमाणांत आली.

'डॉन' यानानें हीच रीति मोठ्या प्रमाणावर चालविली. २००७ सालीं निघून तें २०११ च्या जुलैंत व्हेस्टाभोंवतीं फिरूं लागलें. १८५० सालीं बंगालमध्यें शालका येथें पडलेल्या दगडाच्या जातीचें घर हेंच, असें जें पूर्वीं अनुमान होतें त्यास त्याच्या वेधांनीं बळकटी आली. २०१२ मध्यें व्हेस्टा सोडून तें सीरीजकडे निघालें. वाटेंत २०१४ च्या सप्टेंबरांत अवकाशांतील एका जोरकस कणाच्या आघातानें त्याचें यंत्र बंद पडलें आणि सुमारें पंचाण्णव तास रेटा मिळाला नाहीं. ज्या यानाचा मार्गच रेट्यानें घडत असतो त्यास हे चार दिवस फार जड असतात. गणितज्ञांनीं हरवलेला मार्ग पुन्हां गांठण्याचा हट्ट धरला नाहीं. जेथें यान आहे तेथून नवा मार्ग आंखला, आणि निराळ्या वळणानें तें सीरीजजवळ नेलें. २०१५ च्या मार्चच्या ६ तारखेस, सुमारें एकसष्ट हजार किलोमीटरांवर असतांना, सीरीजनें त्यास आपल्या आकर्षणांत घेतलें. त्या क्षणीं कांहींच घडलें नाहीं. यंत्र आदल्या दिवशीं चालत होतें तसेंच चालत राहिलें. पियाझीनें पाहिलेला आणि गाउसनें गणितानें शोधून दिलेला ग्रह दोनशें चौदा वर्षांनीं असा मुकाट्यानें हातीं आला.

त्यानंतर जपानच्या 'हायाबुसा-२' नें २०२० च्या डिसेंबरांत ऱ्यूगू या लघुग्रहावरील पांच ग्रॅमांहून अधिक माती पृथ्वीवर आणून पोहोंचविली. २०२३ च्या ऑक्टोबरांत अमेरिकेचें यान 'सायकी' या धातुबहुल लघुग्रहाकडे निघालें असून २०२९ मध्यें त्यानें तेथें पोहोंचावें अशी योजना आहे. मार्ग आतां रुळत चालला आहे. परंतु त्यावरून जाण्याची रीति तीच. किती मोठ्या जोरानें निघालों यापेक्षां आपण आतां कोठें आहों हें किती प्रामाणिकपणें मोजलें, यावर येथें सर्व कांहीं अवलंबून असतें. गणित आणि आकाश यांत अंतर पडलें तर आकाशास दोष न देतां गणितांत बीज मिळवावयाचें, हें केशव-गणेश दैवज्ञांनीं घालून दिलेलें वळण आज लघुग्रहांच्या वाटेवर नित्य पाळलें जात आहे. आपल्या मुलांस ग्रहलाघवाचें नांव ठाऊक नसतें, आणि जामखेडकरांसही बहुधा आपल्या गांवाचा दगड जगाच्या यादींत आहे हें ठाऊक नसतें. शाळांतून या दोन गोष्टी एकत्र शिकविल्या गेल्या, तर १८६६ च्या ऑक्टोबरांत बालाघाटाच्या माळावर पडलेला तो दगड खऱ्या अर्थानें आपल्या हातीं लागला असें म्हणतां येईल.